घरच्या जुन्या संगणकाचा बायोस : केव्हा बदलावा, कसा बदलावा



आता खेड्यापाड्यांतल्या पुष्कळ घरांत संगणक आलेला आहे. कुठे मुलाच्या कॉलेजसाठी घेतलेला, कुठे शहरातल्या पाहुण्यांनी नवा घेतल्यावर जुना धाडून दिलेला, तर कुठे तालुक्याच्या दुकानातून सुटे भाग जोडून करून घेतलेला. सातबारा पाहायचा, ठिबकसाठी महाडीबीटीवर अर्ज करायचा, मुलीच्या सीईटीचा फॉर्म भरायचा, दुधाचा नाहीतर किराणा दुकानाचा हिशेब मांडायचा, अशी किती तरी कामे त्यावर होतात. यंत्र आठ-दहा वर्षांचे झाले तरी चालते आहे तोवर आपण ते टाकून देत नाही, आणि देऊही नये.

अशा जुन्या संगणकाबाबत एक सल्ला हल्ली वारंवार कानावर येतो : "बायोस अपडेट करून घ्या." कधी दुरुस्तीवाला सांगतो, कधी मुलाचा मित्र सांगतो, कधी पडद्यावरच तशी सूचना झळकते. काम पाच-दहा मिनिटांचे असते. नीट झाले तर झाल्याचे कळतही नाही. मध्येच वीज गेली किंवा चुकीची फाइल पडली, तर मात्र चालता संगणक मुका होतो. पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो. त्याच आठवड्यात फॉर्मची शेवटची तारीख असली म्हणजे घराची काय धांदल उडते ते सांगायला नको. म्हणून हे काम करावे की नाही, आणि करायचेच झाले तर कोणती काळजी घ्यावी, ते या लेखात पाहू.

बायोस म्हणजे काय?

संगणकाचे बटण दाबले की त्याच्या मेंदूला, म्हणजे प्रोसेसरला, पहिल्या क्षणी काहीच ठाऊक नसते. पडदा कुठे, कीबोर्ड कुठे, हार्ड डिस्क कुठे, विंडोज कशात ठेवले आहे, यातले काहीही नाही. ते सांगणारा एक छोटा प्रोग्रॅम मदरबोर्डवरच्या एका लहान चिपमध्ये कायमचा लिहून ठेवलेला असतो. प्रोसेसर जागा होताच पहिले हुकूम तेथूनच घेतो. हाच बायोस. पहाटे सर्वांत आधी उठून दार उघडणारा, दिवा लावणारा आणि मग बाकीच्यांना हाक मारणारा हा घरातला माणूस समजा. तोच उठला नाही तर बाकीचे घर धडधाकट असूनही झोपलेलेच राहते.

हे नाव १९७०च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेतल्या गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या प्रणालीतून आले. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हापासून ते घरगुती संगणकांत रूढ झाले. त्या काळच्या चिपमधला मजकूर जागच्या जागी बदलता येत नसे. बदल हवा तर चिपच काढून दुसरी बसवावी लागे. १९९०च्या दशकात पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या फ्लॅश चिपा मदरबोर्डवर आल्या आणि घरबसल्या बायोस बदलण्याची सोय झाली. २०१२च्या सुमारापासून बहुतेक नव्या संगणकांत यूईएफआय नावाची सुधारलेली पद्धत आली. ती जुन्यापेक्षा वेगळी असली तरी लोक तिलाही बायोसच म्हणतात. आपणही तसेच म्हणू.

जिथे सोय आली तिथे धोकाही आला. १९९८ साली तैवानमधल्या चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने केलेला सीआयएच नावाचा व्हायरस पसरला. २६ एप्रिल १९९९ रोजी तो अनेक देशांतल्या विंडोज ९५ आणि ९८ असलेल्या संगणकांवर उठला. त्याने हार्ड डिस्कवरचा मजकूर तर बिघडवलाच, शिवाय कित्येक यंत्रांचा बायोसही खरडून टाकला. अशी यंत्रे नवी चिप बसवल्याशिवाय सुरू होईनात. बायोस गेला की काय होते, हे तेव्हा जगाने पाहिले.

बॅटरी वेगळी, बायोस वेगळा

संगणक सुरू करताना तारीख मागे जाते, वेळ चुकते, दर वेळी एखादे बटण दाबायला सांगितले जाते, वेबसाइट उघडताना "हे कनेक्शन सुरक्षित नाही" असा इशारा येतो. ही लक्षणे दिसली की काही जण "बायोस उडाला" म्हणून मोकळे होतात आणि घरधनी पाचशे-हजाराला बसतो. बहुतेक वेळा बायोसला काहीच झालेले नसते. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी एक चपटी बॅटरी असते. तिच्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते आणि ती ३ व्होल्टची असते. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणे आणि आपण निवडलेल्या सेटिंग्ज आठवणीत ठेवणे हे तिचे काम. काही वर्षांनी ती संपते. ती बदलली, तारीख-वेळ लावली की तक्रार मिटते. बायोसचा प्रोग्रॅम तिच्यावर अवलंबून नसतो. तो बॅटरी काढली तरी चिपमध्ये तसाच राहतो.

टेबलावरच्या संगणकाची बॅटरी घरी बदलता येते. आधी सेटिंग्जची नोंद करावी, मग संगणक बंद करून वीजेची वायर भिंतीतून काढावी, हात एकदा कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला लावावा आणि अधिक खूण असलेली बाजू वर ठेवून नवी बॅटरी बसवावी. लॅपटॉप मात्र दुरुस्तीवाल्याकडेच द्यावा.

माता-भगिनींनी येथे एक गोष्ट मनावर घ्यावी. काढलेली जुनी बॅटरी खिडकीत किंवा फडताळात पडू देऊ नये. लहान मुलाने ती गिळली तर अन्ननलिका आतून भाजते आणि हे दोन तासांतही होऊ शकते. तशी नुसती शंका आली तरी वाट न पाहता मुलाला दवाखान्यात न्यावे.

गरज कोणाला आहे?

चालत्या मोटारीला कोणी उगाच खोलत नाही. बायोसचेही तसेच आहे. पुढीलपैकी एखादे कारण असेल तरच त्याच्या वाटेला जावे.

पहिले, संगणकाच्या कंपनीने सुरक्षिततेतली उणीव जाहीर करून तुमच्याच मॉडेलसाठी नवा बायोस दिला असेल. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधले मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे दोन दोष उघड झाले, तेव्हा पुष्कळ कंपन्यांनी जुन्या यंत्रांसाठीही असे बायोस काढले होते. दुसरे, त्याच मदरबोर्डवर थोडा नवा प्रोसेसर बसवायचा असेल. तिसरे, नवी रॅम किंवा एसएसडी नीट ओळखली जात नसेल आणि त्या दोषाचा उल्लेख कंपनीने नव्या बायोसच्या माहितीपत्रकात केलेला असेल.

उलट संगणक संथ चालतो म्हणून बायोस बदलू नये. संथपणाचे कारण बहुधा जुनी हार्ड डिस्क किंवा अपुरी रॅम असते. त्या जागी एसएसडी बसवली तर दहा वर्षांचे यंत्रही पुन्हा झपाट्याने चालू लागते. संगणक तापून मध्येच बंद पडत असेल तर आधी पंख्यातली धूळ काढावी. आपल्याकडे मळणीचा भुसा, चुलीची काजळी आणि रस्त्याची माती यांनी पंखा फार लवकर भरतो.

आणखी एक आमिष हल्ली दाखवले जाते. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून "बायोस अपडेट करून विंडोज ११ टाकून देतो" असे सांगणारे भेटतात. विंडोज ११ साठी कंपनीने टीपीएम २.० नावाची सुरक्षा सोय, सिक्युअर बूट आणि ठराविक पिढीपुढचा प्रोसेसर अशा अटी घातल्या आहेत. इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर चालतात. यंत्र त्या पिढीचे असेल आणि टीपीएमची सोय फक्त बंद असेल, तर ती सेटिंगमधून चालू करता येते. क्वचित त्यासाठी नवा बायोस लागतो. पण तिसऱ्या-चौथ्या पिढीचा प्रोसेसर बायोस बदलून आठव्या पिढीचा होत नाही. रेड्याला कितीही पेंड घातली म्हणून तो दूध देत नाही. अशा कामाला पैसे देण्याआधी प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे ते पाहा.

आधी यंत्राची नेमकी ओळख

बियाण्याच्या पिशवीवर वाण पाहिल्याशिवाय आपण ती घेत नाही. येथेही नाव, मॉडेल आणि आवृत्ती अक्षर न अक्षर जुळली पाहिजे. दुसऱ्या मॉडेलचा बायोस पडला तर यंत्र बंद पडलेच म्हणून समजा.

ओळख पटवण्याची रीत सोपी आहे. कीबोर्डवर विंडोजची खूण असलेले बटण दाबून धरा आणि आर दाबा. एक छोटी चौकट उघडते. तीत एम, एस, आय, एन, एफ, ओ ही इंग्रजी अक्षरे आणि त्यांना लागून ३२ हा आकडा, मध्ये जागा न सोडता लिहा आणि एंटर करा. जी यादी येते तीत संगणकाचे मॉडेल, मदरबोर्डचे नाव, आताच्या बायोसची आवृत्ती आणि तिची तारीख असते. मोबाइलने त्याचा फोटो काढून ठेवा, म्हणजे एखादा आकडा चुकीचा उतरवण्याची भीती नाही.

कंपनीचा लॅपटॉप असेल तर त्याच्या पाठीवरचा अनुक्रमांक कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की त्याच यंत्राच्या फाइली दिसतात. दुकानात जोडून घेतलेल्या संगणकाच्या कॅबिनेटवरचे नाव येथे कामाचे नाही. मदरबोर्डचे नाव लागते. काही मदरबोर्डच्या कोपऱ्यावर रेव्ह १.०, रेव्ह २.० असा बारीक छाप असतो. नाव एकच असले तरी या दोन्हींचे बायोस वेगळे असू शकतात, म्हणून कॅबिनेटची बाजू उघडून तो छाप वाचावा.

बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या काही मदरबोर्डांच्या कंपन्यांची वेबसाइट असते, पण बायोसची फाइल तिच्यावर नसते. अशा वेळी "साधारण असाच बोर्ड आहे" म्हणून दुसऱ्याची फाइल टाकायला जाऊ नका. त्या यंत्राचा बायोस आहे तसाच राहू द्या.

फाइल कोठून आणावी?

फक्त यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवरून. शोधताना सर्वांत वर येते ती पुष्कळदा जाहिरात असते, तेव्हा पत्ता नीट वाचावा. "तुमचा बायोस जुना झाला आहे, येथे दाबा" असे पडद्यावर अचानक उगवले तर ती खिडकी बंद करावी. "आम्ही कंपनीतून बोलतो, तुमचा संगणक आम्हाला जोडून द्या" असा फोन आला तर तो ठेवून द्यावा. कोणतीही कंपनी बायोस बदलायला घरोघर फोन करीत नाही. अशा भामट्यांनी पैसे काढून घेतलेच तर वेळ न दवडता १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

फाइलीसोबत माहितीपत्रक असते. ते मुलांकडून का होईना, वाचून घ्या. फार जुन्या आवृत्तीवरून थेट नवीवर जाता येत नाही, मधली एक टाकावी लागते, असे काही वेळा त्यात लिहिलेले असते. नवी टाकल्यावर जुनीवर परत येता येणार नाही, असाही इशारा असतो. "प्रायोगिक" किंवा "बीटा" असे लिहिलेली आवृत्ती घेऊ नये.

विजेची तजवीज

या कामात खरी गोम आहे ती विजेची. चिपमध्ये नवा मजकूर लिहिण्याआधी जुना पुसावा लागतो. पुसून झाले आणि लिहिणे अर्ध्यावर असताना वीज गेली, तर जुना बायोस गेलेला असतो आणि नवा पुरता आलेला नसतो. पुन्हा बटण दाबल्यावर प्रोसेसरला पहिला हुकूम देणारेच कोणी उरत नाही. मग पेनड्राइव्ह लावून किंवा विंडोजची सीडी घालून काही होत नाही, कारण ती वाचायची कशी हेही बायोसच सांगत असतो.

लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली हवी आणि शिवाय चार्जर लावलेला हवा. बॅटरी मेलेली असून लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालत असेल, तर आधी बॅटरी बदला. पुष्कळ कंपन्यांचे प्रोग्रॅम अशा लॅपटॉपवर काम करायला नकारच देतात. तो नकार चुकवण्याच्या युक्त्या कोणी शिकवील. त्या शिकू नयेत.

टेबलावरच्या संगणकाला यूपीएस हवाच. तोही आदल्या दिवशी पारखून घ्यावा, कारण दोन-तीन वर्षांत त्याची बॅटरी दम सोडते आणि ऐन वेळी यूपीएस नुसता शिट्टी मारून गप्प होतो. पारख अशी करा. संगणक सुरू करताना डिलीट किंवा एफ २ हे बटण दाबत राहा, म्हणजे बायोसचा पडदा उघडेल. तेथे काहीही न बदलता थांबा आणि यूपीएसचे भिंतीवरचे बटण बंद करा. संगणक दहा-पंधरा मिनिटे चालत राहिला तर यूपीएस चांगला. लगेच बंद पडला तर हा यूपीएस या कामाचा नाही. विंडोज उघडलेले नसल्याने या पारखीत फाइली बिघडण्याची भीती नसते. पारख झाल्यावर यूपीएस रात्रभर भरू द्या.

घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे यूपीएस आणि इको असे दोन पर्याय असलेले बटण बहुधा असते. ते यूपीएसवर ठेवा. इकोवर असताना वीज गेल्यापासून इन्व्हर्टर उचलेपर्यंतच्या क्षणात संगणक बंद पडू शकतो. त्याचीही वरीलप्रमाणेच पारख करा.

वेळही पाहून निवडावी. भारनियमनाची वेळ टाळा. शेजारची मोटार सुरू झाली की दिवे मंद होतात, ती वेळ टाळा. वळवाच्या पावसाची चिन्हे असतील, विजा चमकत असतील, तर त्या दिवशी हे काम करूच नका. ते उद्यावर गेल्याने काही बिघडत नाही. फॉर्मच्या किंवा परीक्षेच्या आदल्या दिवशी तर मुळीच करू नये.

आदल्या दिवशीची तयारी

बायोस बदलल्याने हार्ड डिस्कवरचे फोटो, हिशेब, कागदपत्रे पुसली जात नाहीत. तरीही सातबारा, पासबुक, दाखले, फोटो यांची एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवावी. असली सवय एरवीही चांगलीच.

एक गोष्ट मात्र विसरू नका. गेल्या काही वर्षांतल्या लॅपटॉपांत बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन नावाचे कुलूप डिस्कला आपोआप लागलेले असू शकते. बायोस बदलला की यंत्राला वाटते, कोणीतरी घरफोडी केली. आणि ते ४८ आकडी किल्ली मागते. ती नसेल तर डिस्कवरचे सारे कुलूपबंदच राहते. म्हणून सेटिंगमध्ये हे कुलूप आहे का ते पाहा. असल्यास किल्ली वहीत उतरवून घ्या. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. मग काम होईपर्यंत कुलूप "सस्पेंड", म्हणजे तात्पुरते स्थगित करा.

त्यानंतर बायोसच्या पडद्यावरची पाने एकामागून एक उघडून मोबाइलने फोटो काढा. त्यात साटा मोड ही नोंद विशेष महत्त्वाची. तेथे एएचसीआय, आयडीई किंवा रेड असे काहीतरी असते. बायोस बदलल्यावर ती नोंद बदलली तर विंडोज उघडताना निळा पडदा येतो आणि माणूस घाबरतो. प्रत्यक्षात पूर्वीची नोंद परत लावली की झाले. बायोस अगदी पुढच्या आवृत्तीवर नेण्याआधी आताचा बायोस पेनड्राइव्हवर साठवण्याची सोय दिसली तर तीही वापरून घ्या.

प्रत्यक्ष काम

टेबलावरच्या संगणकाचा बायोस शक्यतो विंडोजमधून न बदलता बायोसच्याच पडद्यावरून बदलावा. मदरबोर्डच्या कंपन्यांनी त्यासाठी सोय दिलेली असते. आसूसच्या बोर्डावर तिचे नाव ईझी फ्लॅश, गिगाबाइटच्या बोर्डावर क्यू-फ्लॅश, एमएसआयच्या बोर्डावर एम-फ्लॅश आणि ॲसरॉकच्या बोर्डावर इन्स्टंट फ्लॅश असे आहे.

एक लहान पेनड्राइव्ह फॅट ३२ या पद्धतीने फॉरमॅट करा. त्यावरचे सारे पुसले जाते, म्हणून कोरा घ्या. कंपनीची फाइल झिपमध्ये असते. ती उलगडून आतली फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. तो संगणकाच्या मागच्या बाजूच्या छिद्रात लावा. बाकीची उपकरणे काढा, कीबोर्ड-माउस तेवढे राहू द्या. बायोसच्या पडद्यावर जाऊन वरची सोय उघडा आणि फाइल निवडा. यंत्र तिची तपासणी करते आणि मॉडेल, आताची आवृत्ती व नवी आवृत्ती दाखवते. येथे थांबून, काढलेल्या फोटोशी ताडून पाहा. जुळले तरच पुढे जा.

कंपनीच्या लॅपटॉपसाठी बहुधा विंडोजमध्ये उघडायची फाइल मिळते. बाकीचे सर्व प्रोग्रॅम बंद करून ती चालवावी. लॅपटॉप स्वतः बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि मग बदल होतो.

एकदा सुरुवात झाली की हात मागे घ्या. टक्क्यांचा आकडा एका जागी अडकलेला दिसेल, पडदा काही वेळ काळा होईल, पंखा जोरात फिरेल, यंत्र दोन-तीन वेळा आपोआप बंद होऊन सुरू होईल. यातले काहीही झाले तरी बटण दाबू नका, वायर काढू नका, लॅपटॉपचे झाकण मिटू नका. लहान मुलांना त्या खोलीत फिरकू देऊ नका. त्याच प्लगवर मिक्सर किंवा इस्त्री लावू नका. अधीर होऊन बटण दाबल्याने जेवढी यंत्रे जातात, तेवढीच काळजी वीज जाण्याची घ्यावी लागते, हे ध्यानात धरा. अर्धा तास तरी धीर धरावा.

काही लॅपटॉपांना बायोस विंडोज अपडेटमधूनच येतो. तुम्ही नेहमीसारखा लॅपटॉप बंद करायला जाता आणि कंपनीच्या चिन्हाखाली "फर्मवेअर अपडेट होत आहे" असे अक्षर दिसते. तेव्हाही हाच नियम : चार्जर लावा आणि वाट पाहा.

झाल्यावर काय करावे?

पहिल्यांदा सुरू व्हायला यंत्र नेहमीपेक्षा जास्त वेळ घेते. सुरू झाल्यावर बायोसच्या पडद्यावर जाऊन "लोड डिफॉल्ट्स" हा पर्याय एकदा निवडा. मग तारीख-वेळ, साटा मोड आणि कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे तो क्रम, हे फोटो पाहून पूर्ववत लावा आणि साठवून बाहेर पडा. विंडोज उघडल्यावर आधी सांगितलेली यादी पुन्हा पाहा. आवृत्ती बदललेली दिसली की काम फत्ते. स्थगित केलेले डिस्कचे कुलूप पुन्हा चालू करायला विसरू नका.

बिघडलेच तर

पडद्यावर चूक झाल्याचा संदेश आला असेल आणि संगणक अजून चालू असेल, तर तो बंद करू नका. चालू आहे तोवर त्याच सोयीतून बरोबर फाइल पुन्हा टाकून पाहता येते. बंद केला की ही संधी जाते.

संगणक बंद पडून पडदा काळा राहिला तरी सर्व संपले असे नाही. टेबलावरच्या संगणकाची वीज काढून, नाण्याची बॅटरी पाच मिनिटे बाहेर ठेवून परत बसवून पाहा. कधी नुसत्या सेटिंग्ज अडलेल्या असतात. गिगाबाइटच्या पुष्कळ बोर्डांवर जोडीला दुसरा राखीव बायोस असतो. काही बोर्डांच्या मागे फ्लॅशबॅकचे बटण असते. तेथे ठराविक नावाची फाइल असलेला पेनड्राइव्ह लावून बायोस परत भरता येतो. एचपीच्या अनेक लॅपटॉपांत विंडोज आणि बी ही बटणे, तर डेलच्या अनेक लॅपटॉपांत कंट्रोल आणि एस्केप ही बटणे दाबून धरत सुरू केल्यास सुधारणेचा पडदा येतो.

यातले काहीच चालले नाही तर दुरुस्तीवाल्याकडे जा. पण काय मागायचे ते ठरवून जा. "मदरबोर्ड गेला, नवा घ्या" असे उत्तर आले तर विचारा, "बायोसची चिप प्रोग्रॅमरवर पुन्हा लिहून मिळेल का?" आठ पायांची ती लहान चिप यंत्रावर लावून तीत मजकूर परत भरता येतो. जिल्ह्याच्या ठिकाणी हे काम करणारे कारागीर भेटतात आणि ते नव्या बोर्डापेक्षा पुष्कळ स्वस्तात होते. तोवर फॉर्मचे काम अडले असेल तर डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडा. तुमची कागदपत्रे तीत जशीच्या तशी असतात. डिस्कला कुलूप असेल तर तेवढी ४८ आकडी किल्ली लागेल.

एकदोन शंका

बायोस वर्षातून किती वेळा बदलावा? त्याला हंगाम नाही. कारण असेल तेव्हाच बदलावा. दहा वर्षांत एकदाही बदलला नाही, तरी कित्येक यंत्रे खुशाल चालतात.

सिक्युअर बूटची प्रमाणपत्रे संपणार, असे ऐकतो. संगणक बंद पडेल का? या सोयीसाठी २०११ साली दिलेल्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपू लागते, हे खरे. पण त्यामुळे यंत्र त्या दिवशी बंद पडत नाही. नवी प्रमाणपत्रे विंडोज अपडेटमधून मिळतात आणि काही यंत्रांना त्यासाठी कंपनीचा नवा बायोस लागतो. तेव्हा धावपळ न करता आपल्या मॉडेलसाठी कंपनीने काय सांगितले आहे ते पाहावे.

दुकानातून करून घेतले तर? अवश्य घ्या, त्यात कमीपणा नाही. मात्र कारण विचारा, जुन्या-नव्या आवृत्तीचे आकडे वहीत लिहून घ्या आणि दुकानात यूपीएस आहे ना, तेवढे डोळ्यांनी पाहा.

कापून टेबलाजवळ लावण्यासाठी

१. कारण आहे का? नसेल तर हात लावू नका.
२. तारीख चुकते? आधी नाण्याची बॅटरी बदला.
३. मॉडेल, छाप व आवृत्ती यांचा फोटो घ्या.
४. फाइल फक्त कंपनीच्या वेबसाइटवरून आणा.
५. कागदपत्रांची प्रत काढा. ४८ आकडी किल्ली वहीत लिहा.
६. यूपीएस आदल्या दिवशी पारखा. लॅपटॉपला बॅटरी आणि चार्जर दोन्ही.
७. भारनियमन, वादळ आणि फॉर्मची शेवटची तारीख टाळा.
८. सुरू झाल्यावर अर्धा तास बटणाला हात नाही.
९. तारीख, साटा मोड आणि सुरू होण्याचा क्रम परत लावा.

घरातल्या शिकत्या मुला-मुलींना हे पान वाचायला द्या. संगणकाचे काम त्यांच्याच हातून व्हायचे आहे. आणि यंत्राला हात घालण्याआधी त्याची ओळख करून घ्यावी, विजेची सोय पाहावी, मगच बटण दाबावे, ही शिस्त त्यांना विहिरीवरच्या मोटारीपाशीही उपयोगी पडेल.